खाटेपासून खिडकीपर्यंत

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनच्या एका अंगाला महाकाळाचं जुनं शहर, दुसऱ्या अंगाला माधव नगर. कागदावर माधव नगर, बोलण्यात फ्रीगंज. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं नाव मिरवणारी ही वस्ती आखून वसवलेली आहे: सरळ रस्ते, रुंद चौक, मधे घड्याळाचा टॉवर. शासकीय माधव नगर रुग्णालय याच भागात, माधव नगर पोलीस ठाणंही याच भागात. बँका, औषधांची दुकानं, तपासणीच्या लॅब, शहीद पार्क, सगळं टॉवर चौकाच्या आसपास. उतारवयात राहायला याहून सोयीची वस्ती माळव्यात शोधूनही सापडणं कठीण.

आता याच वस्तीतलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. खालचा गाळा दुकानाला दिलेला, वर दोन खोल्या आणि गच्ची. जिना अरुंद, पायऱ्या उंच. वर राहणाऱ्या आजींचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात. दोघंही रोज फोन करतात, पैशांची ओढाताण होऊ देत नाहीत. पण रक्तदाबाची गोळी संपली, बँकेने केवायसीसाठी बोलावलं, बाथरूमचा दिवा गेला, की त्या आजींसाठी रुग्णालय, बँक आणि बाजार तिन्ही सारखेच लांब. रस्ता पाच मिनिटांचा असला तरी आधी तो जिना उतरायचा आहे.

आपल्या देशात ज्येष्ठांसाठी योजना नाहीत असं नाही. पेन्शन आहे, आरोग्याचं कार्ड आहे, कायदा आहे, हेल्पलाइन आहे. या सगळ्या सोयी कुठल्या ना कुठल्या खिडकीशी मिळतात आणि माणसाने तिथवर चालत यावं अशी त्यांची अपेक्षा असते. खाटेपासून खिडकीपर्यंतचं अंतर आजवर घरातल्यांनी भरून काढलं. मुलगा रांगेत उभा राहिला, सुनेने गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, नातवाने फॉर्म भरला. ती माणसं आता त्या घरात नाहीत. त्यामुळे योजना वाढत गेल्या तरी आजींच्या हाती पडणारी मदत त्या प्रमाणात वाढत नाही. उपाय शोधायचा तर याच अंतरात शोधावा लागेल.

माळव्यातली मराठी घरं

राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैन हे शिंद्यांचं ठाणं होतं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाळाचं मंदिर पुन्हा उभं केलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधवलेलं गोपाळ मंदिर उज्जैनमध्येच राहिलं, आणि मराठी घरंही राहिली. कारकून, शिक्षक, पुरोहित, वैद्य, शिपाई, पुढे रेल्वे आणि सरकारी खात्यांतले नोकरदार. इंदूर, देवास, धार आणि उज्जैन या पट्ट्यात अशी हजारो कुटुंबं कित्येक पिढ्या नांदली. त्यांच्या मराठीत माळवी मिसळली, सकाळच्या ताटात पोहे-जिलबी आली, पण गणपती, हळदीकुंकू आणि भजनी मंडळं चालू राहिली.

या घरांतली तरुण पिढी बाहेर गेली त्यामागे शहराच्या पोटापाण्याची गोष्ट आहे. उज्जैनमध्ये विनोद मिल होती, हिरा मिल होती, श्री सिंथेटिक्स होतं. एकेक करून सगळं बंद पडलं. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद झाली आणि तिथल्या सुमारे ४८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी मार्गी लागले. मिल बंद होताना चाळिशीत असलेला कामगार तोवर सत्तरी ओलांडून गेला होता आणि अनेक घरांत तो पैसा घ्यायला विधवा पुढे आली. म्हातारपणाची तरतूद म्हातारपण सरत आल्यावर हाती येते ती अशी. मुलांनी मात्र मिलची वाट पाहिली नाही. शिकली ती पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला, परदेशी गेली.

मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी इंदूर–पुणे गाडी आणि मुंबईची अवंतिका एक्स्प्रेस या घरच्या गाड्या झाल्या. चार महिने मुलाकडे, आठ महिने इथे, असा अनेकांचा शिरस्ता. रेल्वेच्या तिकिटावर साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, ती थांबवली गेली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत परतली नाही. ज्यांचं कुटुंब दोन शहरांत विभागलं आहे त्यांच्यासाठी ही सवलत म्हणजे नातवंडांना वर्षातून एकदा जास्त भेटण्याची संधी होती. तिच्या बदल्यात खालच्या बर्थचा कोटा पुरत नाही.

वयाचे आकडे एकदा पाहून घेतले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १०.४ कोटी लोक होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. केरळात हे प्रमाण १२.६, महाराष्ट्रात ९.९, मध्य प्रदेशात ७.९ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेबरोबर २०२३ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल. मध्य प्रदेश अजून तुलनेने तरुण आहे, म्हणून इथे घाई वाटत नाही. पण राज्याची सरासरी माधव नगरसारख्या जुन्या वस्त्यांना लागू पडत नाही. तरुण माणूस गाव सोडतो तेव्हा गावाचं सरासरी वय वाढतं. आकड्यांमध्ये २०५० साली दिसणारा भारत अशा गल्ल्यांतून आजच राहतो आहे.

महिन्याचे सहाशे

माधव नगरमधल्या सगळ्याच ज्येष्ठांना एका मापाने मोजता येत नाही. एका गटाला सरकारी पेन्शन आहे. त्यांची अडचण वेगळी: २००० साली छत्तीसगड वेगळं झालं तेव्हाच्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम ४९ मुळे पेन्शनवरचा महागाई भत्ता वाढवताना दोन्ही राज्यांच्या संमतीची वाट पाहावी लागते. म्हणजे भोपाळने ठरवलं तरी रायपूरची सही येईपर्यंत भत्ता लांबतो. दुसरा गट खासगी कारखान्यांतून, मिलमधून निवृत्त झालेल्यांचा. त्यांना भविष्य निर्वाह निधीची ईपीएस-९५ पेन्शन. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली आणि नंतर एका दशकाहून जास्त काळ तिथेच राहिली.

तिसरा गट ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांचा: धुणीभांडी करून म्हाताऱ्या झालेल्या बाया, हातगाडीवाले, मंदिराच्या दारात फुलं विकणारे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातल्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी महिना २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून बदललेला नाही. ८० नंतर ५०० रुपये. मध्य प्रदेश आपली भर घालून महिना ६०० रुपये देतं.

या सहाशेच्या शेजारी राज्याचीच दुसरी योजना ठेवून बघावी. लाडली बहना योजना जून २०२३ मध्ये महिना १००० रुपयांनी सुरू झाली, पुढे १२५० झाली, नोव्हेंबर २०२५ पासून १५००. ही रक्कम बायकांच्या हातात थेट पडते आणि घराघरात तिचा उपयोग झाला आहे. पण वयाची अट साठच्या आतली. साठ पूर्ण झाली की नाव यादीतून जातं. त्यानंतर ती बाई पात्र ठरली तर तिला सहाशेची पेन्शन. गुडघे दुखायला लागतात, काम सुटतं, औषधं सुरू होतात, नेमक्या त्या वयात हातातली रक्कम निम्म्याहून कमी होते. ज्या बाईला एकोणसाठाव्या वर्षी १५०० रुपयांची गरज आहे असं सरकारला पटलं, तिची गरज साठाव्या वाढदिवशी कशी घटते? हा प्रश्न कुठल्याही पक्षाच्या विरोधातला नाही. रकमा ठरवणाऱ्या प्रत्येकाने उत्तर द्यावं असा तो आहे. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम २०२३ मध्ये १५०० केली. मध्य प्रदेशाने निदान आपल्याच दोन योजना एका पातळीवर आणाव्यात.

रक्कम मंजूर झाली तरी ती मिळत राहायला हवी. राज्याचा समग्र आयडी हा ओळख क्रमांक, आधार, बँकेचं खातं, मोबाइल नंबर या चार गोष्टींचा मेळ बसावा लागतो. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि अंगठा यंत्रावर उमटत नाही. नोंदणीचा मोबाइल नातवाचा, नातू नोकरीसाठी गुजरातेत. ओटीपी त्याच्याकडे जातो. ई-केवायसी राहिली की पेन्शन थांबते. मग लोकसेवा केंद्र, नाही तर मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई, नाही तर १८१ वर सीएम हेल्पलाइन. तक्रार करण्याची सोय या राज्यात चांगली आहे हे मान्यच करायला हवं. लोकसेवा हमीचा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, २०१० सालचं. पण तक्रार करायलाही पाय लागतात, कान लागतात आणि बरोबर कुणीतरी लागतं.

दवाखान्यात जाण्याआधी, आल्यानंतर

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. मध्यमवर्गीय घरांनाही याचा मोठा आधार झाला. म्हातारपणी विमा कंपन्या दार लावून घेतात, तिथे सरकारने दार उघडलं. मात्र हे कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. ज्येष्ठांचा रोजचा झगडा भरती होण्याच्या आधीचा आणि नंतरचा असतो. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या पाहणीत साठीपुढच्या सुमारे ७५ टक्के लोकांना एक तरी दीर्घकाळ चालणारा आजार आढळला. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधे. त्यासाठी लागतात रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी तपासणी, फिजिओथेरपी, चष्मा, दाताची कवळी. यातलं जवळजवळ काहीच त्या पाच लाखांत बसत नाही.

एक साधं उदाहरण पडण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगभर दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा. ओल्या मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन होतं, कार्ड चालतं. नंतर घरी उठून बसवणारं, पाय हलवायला लावणारं कुणी नसतं. माणूस खाटेला खिळतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो. लाखभराच्या ऑपरेशनवर खर्च करणारी व्यवस्था मोरीतल्या पकडायच्या दांडीवर, खरखरीत फरशीवर आणि कमोडच्या खुर्चीवर खर्च करत नाही. एखाद्या जाणकाराने घरात येऊन अर्धा तास पाहिलं तर यातली बरीच दुखणी टळतील.

गंमत म्हणावी की दुर्दैव, या साधनांचा एक कारखाना उज्जैनमध्येच आहे. काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कानाची यंत्रं अशी उपकरणं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या अ‍ॅलिम्को या कानपूरच्या संस्थेचं एक उत्पादन केंद्र इथे आहे. १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना हीच साधनं मोफत मिळतात, ती शिबिरं भरवून. शिबिरापर्यंत जो पोचतो त्याला काठी मिळते; ज्याला काठीवाचून उठताच येत नाही तो शिबिराला येणार कसा?

विसरणाऱ्यांची भाषा

मराठी घरांची एक अडचण खास परप्रांतातली आहे. ‘लासी’च्याच नमुन्यांवर आधारलेल्या २०२३ च्या अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं मागे उरतं. नंतर शिकलेली भाषाही मागे पडू लागते. नोकरीत चाळीस वर्षं अस्खलित हिंदी बोललेले आजोबा एक दिवस फक्त मराठीत बोलू लागतात. सांभाळायला ठेवलेल्या बाईला ‘तहान’ आणि ‘लघवी’ हे शब्द कळत नाहीत. आजोबा चिडतात, ती घाबरते, घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला.

इथे सरकारपेक्षा समाजाचं काम जास्त आहे. माळव्यातल्या गावोगावच्या महाराष्ट्र समाजांकडे सभागृहं आहेत, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते आहेत, भजनी मंडळं आहेत. आठवड्यातून दोन दुपारी अशा एखाद्या सभागृहात विसरणाऱ्या आजी-आजोबांना मराठीत गप्पा, अभंग, पत्ते, गव्हाची निवड अशा ओळखीच्या कामांत रमवता येईल. त्यांना सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला तेवढ्या वेळात झोप मिळेल, बँकेत जाता येईल, स्वतःच्या डॉक्टरला भेटता येईल. याला मोठं भांडवल लागत नाही. लागते ती ठरलेली वेळ, थोडं प्रशिक्षण आणि ने-आणीसाठी एक ई-रिक्षा. जपानने २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलं यांना स्मृतिभ्रंशाची ओळख करून देणारे छोटे वर्ग घेतले. रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे आता तिथल्या लक्षावधी लोकांना माहीत आहे. टॉवर चौकातल्या भाजीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना हे शिकवायला एक दुपार पुरेल.

सांभाळणारे हात

घरात जो सांभाळतो तो बहुतेक वेळा ती असते. सून, लेक किंवा स्वतः सत्तरीची बायको. तिच्या कामाला पगार नाही, सुट्टी नाही आणि तिची पाठ गेली तर पर्याय नाही. बाहेरून ठेवलेली मदतनीस बहुधा जवळच्या खेड्यातून आलेली, बारा-बारा तास राबणारी. खाटेवरच्या माणसाला कुशीवर कसं वळवावं, गोळी चुकली तर काय करावं, ठसका लागला तर कसं बसवावं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. घर तिच्यावर अवलंबून, पण तिच्या कामाला नाव नाही, दर नाही, आजारपणाची रजा नाही. ज्येष्ठांची सेवा सुधारायची तर आधी हे काम शिकायचा आणि मानाने करायचा व्यवसाय झालं पाहिजे. जनरल ड्यूटी असिस्टंटसारखे कौशल्य अभ्यासक्रम आहेत. ते बहुतेक रुग्णालयांकडे पाहून बेतलेले आहेत. त्यांचा रोख घराकडे वळवावा लागेल.

ज्यांना घरच उरलं नाही त्यांच्यासाठी वृद्धाश्रम हवेत, यात कमीपणा नाही. उज्जैनजवळ अंबोदिया गावी सुधीरभाई गोयल यांचा सेवाधाम आश्रम १९८९ पासून अशाच सोडून दिलेल्या, आजारी, अपंग, मनोरुग्ण आणि वृद्ध माणसांना आसरा देतो. महाकाळाच्या नगरीत यात्रेला आणून सोडून दिलेले आईवडीलही असतात, ही या तीर्थक्षेत्राची वेदना आहे आणि अशा संस्था ती झेलतात. पण बहुतेक ज्येष्ठांना आश्रम नको असतो. त्यांना आपली खोली हवी असते, आपला देव्हारा, गॅलरीतली तुळस, शेजारणीची हाक. त्यांना तिथेच नीट राहता यावं, हे व्यवस्थेचं पहिलं काम.

कायद्याने यासाठी बळ दिलं आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे एसडीएमच्या, न्यायाधिकरणापुढे अर्ज करू देतो. वकिलाची गरज नाही. नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित. मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या खटल्यात बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. हे कागद करताना सांभाळण्याची अट त्यात लिहून घेणं, हे प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मात्र कायद्याचा आधार असूनही आई मुलाविरुद्ध अर्ज करायला सहसा तयार होत नाही. ती उपाशी राहील, पण ‘बेटे की बदनामी होगी’ म्हणून गप्प बसेल. म्हणून भांडण पेटण्याआधी घरात कुणाचा तरी पाय पडायला हवा.

दाराशी जाण्याचं कलम

योजनांचे नियम वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. दारापर्यंत जाण्याची तरतूद नव्याने करायची नाही, ती जागोजागी आहे.

२००७ च्या कायद्याखाली केंद्राने राज्यांसाठी जे नमुना नियम केले त्यांत म्हटलं आहे की प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी आणि शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवक बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटावं. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात खाटेला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहण्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच पैसे, घरपोच केवायसी आणि हयातीच्या दाखल्याची सोय द्यायला बँकांना सांगितलं. पोस्टमन घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला करून देऊ शकतो. १४५६७ या एल्डरलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ फोन करता येतो.

म्हणजे पोलीस, आरोग्य, बँक आणि पोस्ट, चौघांनाही त्याच दारात जायचं आहे. चौघांची यादी मात्र वेगळी, आणि बऱ्याचदा ती कोरीच. एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला कळत नाही. त्यामुळे माधव नगरसाठी पहिली मागणी अगदी साधी आहे: वॉर्डाची एकच यादी. कोण एकटं राहतं, कोण जिना उतरू शकत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाची पेन्शन थांबली, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा. संमतीने घेतलेली, जपून ठेवलेली, दर महिन्याला तपासलेली.

दुसरी मागणी ती यादी हातात घेऊन फिरणाऱ्या माणसाची. यात स्वप्नरंजन नाही, याच राज्याने हे एकदा करून दाखवलं आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात फक्त २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलं, पुढच्या पाहणीत ९१ टक्क्यांवर. जननी सुरक्षा योजनेचे पैसे होते, रुग्णवाहिका होत्या. पण गर्भारणीच्या घरी जाणारी, सासूची समजूत घालणारी, गाडी बोलावणारी आणि दवाखान्यात सोबत बसणारी आशा कार्यकर्ती होती, म्हणून ते पैसे आणि त्या गाड्या उपयोगी पडल्या. आयुष्याच्या सुरुवातीला जे जमलं ते शेवटाकडे का जमू नये? मात्र आजच्या आशाताईंवरच आणखी एक रजिस्टर लादून भागणार नाही. ज्येष्ठांसाठी वेगळी, प्रशिक्षित, मासिक पगारावरची वॉर्ड कार्यकर्ती हवी. स्वतः पन्नाशीत असलेल्या, घरचं म्हातारपण सांभाळलेल्या बाया हे काम उत्तम करतील.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. मलप्पुरम जिल्ह्यात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती आलं. शिक्षक, रिक्षाचालक, कॉलेजची मुलं थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटू लागली, लोकांनी थोडे-थोडे पैसे घातले, त्यातून परिचारिका आणि गाडी आली. २००८ मध्ये केरळ सरकारने वेदनाशमनाचं धोरण केलं आणि पंचायती या कामात उतरल्या. तिथे आधी शेजार जागा झाला आणि सरकार मागून आलं. महाराष्ट्रातही ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ मोठी आहे. त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ १९८० पासून काम करतो आहे. सहली आणि व्याख्यानं यांच्या जोडीला या संघांनी घरातून बाहेर न पडू शकणाऱ्या सभासदांच्या घरी जाण्याचा नेम धरला, तर साठ-पासष्टीचे धडधाकट लोक ऐंशी-नव्वदीच्या लोकांचे पाय होतील. माधव नगरमधले निवृत्त शिक्षक, बँकवाले, परिचारिका यांच्याकडे वेळही आहे आणि कागदपत्रांची जाणही.

बाहेरगावी असलेल्या मुलांनाही यात जागा आहे. पुण्याहून पाठवलेले पैसे एकट्या आईच्या खात्यात पडून राहतात. त्याच गल्लीतल्या दहा घरांतल्या मुलांनी एकत्र येऊन एक प्रशिक्षित मदतनीस, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक ठरलेला रिक्षावाला नेमला, तर प्रत्येकाचा खर्च कमी होईल आणि त्या मदतनिसाला पूर्ण वेळ, पूर्ण पगाराचं काम मिळेल. वर्षातून एकदा घरी आल्यावर आधी मोरीत दांडी बसवावी, जिन्याला दोन्हीकडून कठडा लावावा, वय वंदना कार्ड काढलं आहे का ते पाहावं, शेजाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. त्यासाठी रस्ते रुंद होत आहेत, पूल आणि घाट बांधले जात आहेत. येणाऱ्या भाविकांत म्हातारी माणसं फार मोठ्या संख्येने असतील. मग आत्ता होणाऱ्या प्रत्येक कामात सपाट पदपथ, ठरावीक अंतरावर बसायला बाक, कठडे असलेल्या पायऱ्या आणि बसून वापरता येतील अशी स्वच्छतागृहं धरली, तर ती महिनाभर यात्रेकरूंच्या आणि पुढची कित्येक वर्षं उज्जैनकरांच्या कामी येतील. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ५ लाख १५ हजार होती. राज्याचं तेव्हाचं प्रमाण धरलं तरी साठीपुढचे चाळीस हजारांवर भरतात, आज त्याहून बरेच जास्त असतील. सिंहस्थात कोट्यवधी परक्या माणसांच्या पाण्याची, दवाखान्याची, हरवल्या-सापडल्याची चोख व्यवस्था हे शहर लावतं, गल्लीगल्लीत स्वयंसेवक उभे करतं. ज्या प्रशासनाला आणि ज्या लोकांना हे जमतं, त्यांना आपल्याच चाळीस-पन्नास हजार ज्येष्ठांच्या दाराशी महिन्यातून एकदा जाणं अवघड नाही. सुरुवात एका वॉर्डापासून होऊ शकते, आणि रुग्णालय, पोलीस ठाणं, बँका व निवृत्त जाणकार माणसं इतक्या जवळ असलेल्या माधव नगरने ती करावी.